"साहेब, काय करू?" सुपरवायझरचा लीडर करायचा तर कोचिंग नेमकं कसं करायचं

रात्री पावणेदहाला फोन वाजला की बायको न बघताच म्हणायची, घ्या, तुमचं पोरगं. पोरगं म्हणजे आमचा सेकंड शिफ्टचा सुपरवायझर. वाक्य ठरलेलं, "साहेब, पाच नंबरवर बोअर मायनसमध्ये चाललाय, इन्सर्ट बदलू का ऑफसेट देऊ?" म्हणजे भोक मापापेक्षा लहान पडतंय, कापणारं पातं बदलू की मशीनमधलं माप थोडं सरकवू. मी जेवता जेवता विचारणार, इन्सर्टवर किती पीस झाले, शेवटचं रीडिंग काय, आणि मग सांगून टाकणार, बदल. तो "हो साहेब" म्हणणार आणि मी परत भाकरीकडे. खरं सांगायचं तर मला हे आवडायचं. आपल्यावाचून लाइन हलत नाही याचा एक माज असतो, कुणी कबूल करत नाही एवढंच.

मग एका वर्षी गणपतीला गावी गेलो, कोकणात, आमच्या वाडीत तेव्हा रेंज यायची नाही, आणि चौथ्या दिवशी सामान आणायला बाजारात आलो तर मोबाइलवर मिस्ड कॉल एकतीस. पाच नंबर मशीन दीड शिफ्ट उभं होतं. कारण काय, तर साहेबांना विचारल्याशिवाय कसं करायचं. इन्सर्टचा बॉक्स तिथेच टूल ट्रॉलीवर पडलेला. आधी त्याच्यावर भडकलो, आणि परत येताना एसटीत बसल्या बसल्या लक्षात आलं की याला असा मीच बनवलाय, तीन वर्षं रोज रात्री एकेक उत्तर देऊन.

तर हा लेख त्यावर आहे. मी चाकणच्या एका ऑटो पार्टच्या कारखान्यात प्रॉडक्शन बघतो, कोच म्हणून माझं कुठलं सर्टिफिकेट नाही, पण गेली काही वर्षं सुपरवायझर लोकांबरोबर कोचिंग करतोय, बरंच चुकून शिकलोय. तुम्ही बँकेत असाल, शाळेत हेडमास्तर असाल, आयटीत टीम लीड असाल तरी फरक फारसा पडणार नाही, मशीनच्या जागी तुमचं काय ते घाला.

आधी शब्दाचं बघू

आपल्याकडे कोचिंग म्हटलं की लातूर नाहीतर कोटा आठवतं, किंवा शिवाजी पार्कवर पोरांना पळवणारे आचरेकर सर. मजा म्हणजे क्लासवाला अर्थच जुना आहे. कोच हा शब्द मुळात हंगेरीतल्या कोच नावाच्या गावावरून आला, तिथे घोडागाड्या बनायच्या, आणि १८३० च्या आसपास ऑक्सफर्डची पोरं परीक्षेतून पार नेणाऱ्या मास्तरला गमतीने कोच म्हणायला लागली, म्हणजे गाडीत बसवून पलीकडे नेणारा. खेळातला कोच त्यानंतरचा. आणि ऑफिसातला, ज्याबद्दल आपण बोलतोय, तो तर अगदीच अलीकडचा. टिमोथी गॅलवे नावाच्या अमेरिकन टेनिस कोचने १९७४ मध्ये मांडलं की खेळाडूचा खरा प्रतिस्पर्धी नेटपलीकडे नसून त्याच्या डोक्यात असतो, आणि पुढे त्याचंच सूत्र झालं, माणसाची कुवत वजा त्याच्या डोक्यातला अडथळा म्हणजे त्याची कामगिरी. म्हणजे सारखं शिकवत बसण्यापेक्षा अडथळा कमी केला तरी खेळ सुधारतो. पुढे जॉन व्हिटमोर, जो स्वतः कार रेसिंगचा ड्रायव्हर होता, त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हीच गोष्ट इंग्लंडमध्ये कंपन्यांत आणली, आणि त्यातून ग्रो मॉडेल आलं, जी म्हणजे गोल, आर म्हणजे रिअॅलिटी, ओ म्हणजे ऑप्शन्स, डब्ल्यू म्हणजे विल. कुठल्याही कोचिंगच्या ट्रेनिंगला गेलात तर पहिल्या दिवशी हेच दाखवतात, आणि खरं म्हणजे सुरुवातीला तेवढं पुरतं.

आता घोळ कुठे होतो बघा. व्हर्निअर, म्हणजे माप घ्यायचं साधन, कसा धरायचा हे दाखवलं तर ते ट्रेनिंग. "मी सुपरवायझर झालो तेव्हा असं केलं होतं" हे मेंटरिंग. प्रॉब्लेम बघून "हे असं करा" असा रिपोर्ट देऊन गेला तो कन्सल्टंट. आणि त्याच्याच तोंडून त्याचा विचार पूर्ण होईपर्यंत, फक्त प्रश्न विचारत, थांबलात तर ते कोचिंग. चारही लागतात, कुठलंही कमी नाही. फक्त आपण दिवसभर पहिली तीन करतो आणि त्यालाच कोचिंग म्हणतो.

पाचवी गोष्ट म्हणजे समुपदेशन, ती आपली नाही. समोरच्याला झोप लागत नाहीये, दारू वाढलीय, घरात कुणी गेलंय आणि माणूस सावरतच नाहीये, अशा वेळी ग्रो मॉडेल काढून बसू नका. ऐकून घ्या, सुट्टी द्या, डॉक्टरकडे पाठवा, सरकारचा टेलि-मानसचा १४४१६ नंबर आहे तो द्या, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत.

लीडरशिपशी संबंध काय

कारखान्यात सुपरवायझर कोण होतो? सगळ्यात चांगला ऑपरेटर, नाहीतर सेटर, म्हणजे मशीन लावून देणारा. म्हणजे ज्याचे हात सगळ्यात चांगले चालतात त्याला आपण हात लावायची बंदी असलेल्या जागेवर बसवतो. सोमवारी प्रमोशनचं लेटर, मंगळवारी अठरा माणसं त्याच्या खाली. त्याला मशीन माहीत असतं, माणसं नाही. मग तो दोनच गोष्टी करतो, एक तर सगळं स्वतः करत पळतो, नाहीतर वरच्याला फोन लावतो. क्लासरूम ट्रेनिंगला पाठवून बघितलं, दोन दिवस हॉटेल, लंच, फाइल, ग्रुप फोटो, आणि तिसऱ्या दिवशी परत फोन.

अमेरिकेतल्या सेंटर फॉर क्रिएटिव्ह लीडरशिपच्या लोकांनी ऐंशीच्या दशकात मॅनेजर लोकांना विचारून जे काढलं त्यातून ७०-२०-१० चा फॉर्म्युला निघाला, म्हणजे माणूस सत्तर टक्के अंगावर आलेल्या कामातून शिकतो, वीस टक्के दुसऱ्या माणसांकडून आणि दहा टक्के क्लासमध्ये. आकडे इतके गोल आहेत की शब्दशः घेऊ नयेत असं माझं मत, पण रोख बरोबर आहे. आणि त्या सत्तरमध्येही एक मेख आहे, नुसतं काम अंगावर येऊन कुणी शिकत नाही, शिकत असता तर एकाच चुकीचा वीस वर्षांचा अनुभव असलेली माणसं दिसली नसती. झालेल्या कामाकडे वळून बघायला कुणीतरी बसवावं लागतं. कोचिंगची जागा तिथे आहे.

कुठे करायचं नाही

हे आधी सांगतो कारण नव्याने शिकलेला माणूस सगळीकडे प्रश्न विचारत सुटतो, मीपण सुटलो होतो. गार्ड, म्हणजे मशीनवरचं संरक्षक झाकण, उघडं ठेवून कुणी मशीन चालवतोय, तिथे "तुला काय वाटतं, काय व्हायला हवं?" नाही विचारायचं, बटण दाबून मशीन बंद करायचं आणि मग आवाज चढवला तरी चालेल. कस्टमरची लाइन थांबलीय, गाडी गेटवर उभी आहे, तेव्हा ऑर्डर द्या. चोरी, मारामारी, बाईमाणसाशी गैरवर्तन, हे कोचिंगचे विषय नाहीत, त्याला नियम आणि समिती आहे, तिकडे जाऊ द्या. आणि जो अगदी नवा आहे, ज्याला काम येतच नाही, त्याला प्रश्न विचारणं म्हणजे त्याचा छळ आहे, त्याच्याकडे उत्तर असणार कुठून. हर्सी आणि ब्लँचर्ड यांनी १९६९ मध्ये हेच मांडलं होतं की माणूस त्या कामात किती तयार आहे ते बघून आपली पद्धत बदला. त्यात "त्या कामात" हे महत्त्वाचं, तोच माणूस सेटिंगमध्ये उस्ताद आणि रजेचं रोस्टर लावण्यात कच्चा असू शकतो.

माझी कसोटी साधी आहे. त्याला विचारून बघायचं नाही, स्वतःला विचारायचं, मी मेलो असतो तर हा हे करू शकला असता का? हो असेल तर कोचिंग. नाही असेल तर ट्रेनिंग.

बसायच्या आधी

एकच माणूस निवडा. सगळ्या टीमला एकदम कोचिंग सुरू केलं की तो प्रोजेक्ट होतो, त्याची एक्सेल होते, आणि जूनपर्यंत मरतो. आणि सगळ्यात वाईट परफॉर्मर निवडू नका, कारण मग पूर्ण प्लांटमध्ये बातमी होते की साहेब ज्याला बसवून घेतात त्याचा नंबर लागला. ज्याच्याकडून आशा आहे असा घ्या.

त्याला विचारा. सांगू नका, विचारा. "पंधरा दिवसांतून एकदा अर्धा तास बसू या का, तुझ्या कामाबद्दल तू बोलायचं, मी ऐकणार, सहा महिने करून बघू?" नको म्हणाला तर नको. जबरदस्तीचं कोचिंग म्हणजे वेगळ्या खुर्चीत बसून दिलेला मेमोच.

मग काय बाहेर जाणार आणि काय नाही हे पहिल्याच दिवशी ठरवा. यात मी एकदा माती खाल्लीय. एका सुपरवायझरने मला सांगितलं होतं की मीटिंगमध्ये प्लांट हेड आकडे विचारायला लागले की त्याला घाम फुटतो, माहीत असलेला आकडापण आठवत नाही. पुढच्या रिव्ह्यूत तो अडखळला तेव्हा मी, मदत म्हणूनच, हसत बोलून गेलो, अहो त्याला तुमची भीती वाटते. सगळे हसले. तो पण हसला. त्यानंतर तो माझ्याकडे बसायला येत राहिला पण सहा महिने हवापाण्याच्या गप्पा. आता मी सरळ सांगतो की तू काय बोललास ते कुठेच जाणार नाही, फक्त सेफ्टीचं किंवा कायद्याचं काही निघालं तर मला बोलावं लागेल, आणि एचआरला फक्त एवढंच कळेल की आपण किती वेळा बसलो. त्याच्या वरच्या साहेबाला काय हवंय ते मात्र सुरुवातीलाच तिघांनी एकत्र बसून बोलून घ्यायचं, त्याच्यासमोर, पाठीमागे नाही.

वेळ. फर्स्ट शिफ्ट साडेतीनला सुटते, पावणेचारला कंपनीची बस. सव्वातीनला कोचिंगला बसवलात तर तुम्ही कितीही भारी प्रश्न विचारा, त्याचं अर्धं लक्ष बसच्या हॉर्नकडे. शिफ्ट सुरू होऊन दोन तास झाले की लाइन स्थिरावते, ती वेळ बरी. जागा, तुमची केबिन सोडून कुठेही, कारण केबिनमध्ये टेबलाच्या पलीकडे बसून लोकांनी आजवर फक्त बोलणी खाल्लेली असतात. आम्ही कँटीनमध्ये बसतो, जेवणाची वेळ नसताना, नाहीतर डिस्पॅचच्या बाजूने चक्कर मारतो. चालताना माणूस जास्त खरं बोलतो, डोळ्यात बघावं लागत नाही म्हणून असेल.

आणि महिना बघा. मार्चमध्ये सुरू करू नका. इन्क्रिमेंटच्या तोंडावर कुणीही शहाणा माणूस आपला कच्चेपणा सांगणार नाही.

प्रत्यक्ष बोलणं

एका सुपरवायझरबरोबरची बैठक जशी झाली तशी सांगतो, थोडी छाटून.

"आज अर्ध्या तासात कशावर बोलायचं?"

"साहेब, ऑपरेटर ऐकत नाहीत."

"कोण?"

"म्हणजे... सगळेच."

"काल कोण नाही ऐकलं?"

थोडा वेळ गेला. "काल मामा."

मामा म्हणजे आमचा सगळ्यात जुना ऑपरेटर, रिटायरमेंटला सहा वर्षं राहिलेली, आणि हा पोरगा ट्रेनी म्हणून आला तेव्हा त्याला मशीनवर यांनीच उभं केलेलं.

"काय झालं?"

"मी म्हटलं पहिला पीस चेक करून घ्या मग बॅच चालू करा. ते म्हणाले, तुला व्हर्निअर धरायला मी शिकवलं, आता तू मला सांग."

"मग?"

"मग काय, मीच पीस उचलला आणि इन्स्पेक्शनला घेऊन गेलो."

इथे माझ्या जिभेवर वाक्य तयार होतं, मी बोलतो मामांशी. दोन मिनिटांचं काम होतं, मामा माझं ऐकतात. हे जे वाक्य असतं ना, ते गिळणं म्हणजे कोचिंगचा निम्मा कोर्स. मी चहाचा कप फिरवत बसलो, मनात आकडे मोजत, मी साधारण दहापर्यंत मोजतो, पहिल्यांदा कराल तेव्हा चारवरच जीव कासावीस होईल. सातला का आठला तो बोलला, "खरं सांगू का साहेब, मला त्यांना सांगायची लाज वाटते."

बघा, "ऑपरेटर ऐकत नाहीत" पासून आपण कुठे आलो. मी सुरुवातीलाच उत्तर दिलं असतं तर ते ऑपरेटर ऐकत नाहीत या प्रश्नाचं उत्तर झालं असतं, आणि तो प्रश्नच नव्हता. पहिलं वाक्य हा क्वचितच खरा विषय असतो, ती पाटी असते, दुकान आत आहे.

आता याच्यात ग्रो कुठे आहे ते सांगतो. "कशावर बोलायचं" हा गोल, पण तो आजच्या अर्ध्या तासाचा. मोठा गोल वेगळा असतो, आणि तो त्याच्या हातातला हवा. "रिजेक्शन कमी करायचं" हा कंपनीचा गोल झाला. "सेकंड शिफ्टचे निर्णय मी घेईन, साहेबांना फक्त सकाळी सांगेन" हा त्याचा. "कोण, काल, काय झालं, मग" ही रिअॅलिटी, आणि वेळेचा मोठा भाग इथेच जायला पाहिजे कारण आपली सगळ्यांचीच सवय आहे सगळेच, नेहमी, कधीच नाही अशा शब्दांत बोलायची. एक माणूस, एक दिवस, एक घटना एवढ्यावर आणलं की धुकं जातं.

रिअॅलिटीसाठी अजून एक, मोजायला लावा. पावणेदहाच्या फोनवाल्याला मी सांगितलं की एक वही कर, मला फोन करायच्या आधी त्यात वेळ, काय झालं आणि तुझं स्वतःचं उत्तर काय हे तीन रकाने भर, मग खुशाल फोन कर. पहिल्या आठवड्यात चौदा फोन. वही बघितली तर अकरा वेळा त्याचं उत्तर आणि माझं उत्तर एकच. मी काहीच बोललो नाही, वही त्याच्याकडे सरकवली. पुढच्या आठवड्यात सहा. त्याला येत होतं सगळं, चुकलं तर शिव्या कोण खाणार हा हिशोब होता. तो हिशोब मात्र मला माझ्या बाजूने सोडवावा लागला, मी त्याला सांगितलं की पाच हजारापर्यंतचा माल तुझ्या निर्णयाने स्क्रॅप झाला तर मी विचारणार नाही, आणि दोन महिन्यांनी खरंच झाला तेव्हा खरंच विचारलं नाही. हे लिहायला सोपं आहे. त्या दिवशी माझा जबडा दुखला.

ऑप्शन्समध्ये एकच प्रश्न, "अजून काय?" पहिले दोनतीन पर्याय कायम टाकाऊ असतात, कारण ते त्याने आधीच विचार करून ठेवलेले असतात. मामांच्या बाबतीत त्याचे पर्याय असे, साहेबांनी सांगावं, मेमो द्यावा, मामांना दुसऱ्या मशीनवर टाकावं. अजून काय? गप्प. अजून काय? मग म्हणाला, नवीन आलेल्या ट्रेनी पोरांना फर्स्ट पीस कसा बघायचा ते मामांनाच शिकवायला सांगतो. हे मला सुचलं नव्हतं. आणि सुचलं असतं आणि मी सांगितलं असतं तर त्याने "हो साहेब" म्हणून अर्ध्या मनाने केलं असतं.

विल म्हणजे ठरवणं. कधी, कुणाशी, पहिलं वाक्य काय बोलणार. पहिलं वाक्य तिथेच म्हणून घ्या, मोठ्याने, कारण माणूस तिथेच अडकतो. मग विचारा, एक ते दहामध्ये किती नक्की करशील? सात म्हणाला तर "दहा का नाही" असं नका विचारू, "सात का, पाच का नाही" विचारा, मग तो स्वतःच्या बाजूने बोलायला लागतो. चार म्हणाला तर काम मोठं घेतलंय, बारीक करा.

"तुम्हीच सांगा साहेब"

हे इंग्रजी ट्रेनिंगमध्ये कुणी सांगत नाही, कारण त्यांच्याकडे बॉसला नावाने हाक मारतात. आपल्याकडे साहेबाने प्रश्न विचारला की समोरचा उत्तर शोधत नाही, साहेबाच्या मनात काय आहे ते शोधतो. शाळेपासूनची सवय आहे, मास्तर विचारतात म्हणजे उत्तर मास्तरांना माहीत आहे. मग तो तुमच्या भुवया वाचतो, अर्धं वाक्य टाकून बघतो, आणि तुम्ही मान हलवलीत की तेच उत्तर. आणि अगदीच काही नाही सुचलं तर, "तुम्हीच सांगा साहेब, तुम्हाला जास्त अनुभव आहे." हे ऐकायला इतकं गोड लागतं की दहापैकी नऊ जण तिथेच सांगायला लागतात.

मी काय करतो. एक, कागद पेन त्याच्यासमोर, माझ्यासमोर नाही, आणि मान हलवायची नाही, हे जमत नसेल तर खाली चहाकडे बघा. दोन, खरंच मागत असेल तर सांगतो, "माझं मत आहे, पण तुझी तीन झाल्यावर, चौथं माझं." बहुतेक वेळा तिसऱ्यानंतर तो विसरतो मागायला. तीन, भाषा. साहेबाशी बोलतोय म्हणून तो "डेव्हलप करायचंय, इम्प्रूव्हमेंट आणायचीय, ओनरशिप घ्यायचीय" असं बोलायला लागतो, त्यात काहीही नसतं. तुझ्या घरी हे कसं सांगशील असं विचारलं की एकदम "माझं डोकं फिरतं हो तिथे" असं खरं वाक्य येतं.

आणि प्रश्नातल्या "का" पासून जपा. मराठीत "का केलंस?" हा प्रश्न नसतोच, ती उलटतपासणी असते, लहानपणी आईने काच फुटल्यावर विचारलेला तोच. "काय झालं होतं तेव्हा?" "काय बघून ठरवलंस?" असं विचारा, माहिती तीच मिळते, माणूस आक्रसत नाही. दुसरा सापळा म्हणजे प्रश्नाच्या कपड्यातला सल्ला, "तू त्यांच्याशी आधी बोलून नाही का घेऊ शकत?" याच्या शेवटी प्रश्नचिन्ह असलं तरी ती ऑर्डर आहे, त्यालाही कळतं.

अरे-तुरे की अहो-जाहो? जे आधीपासून चालू आहे तेच ठेवा. कोचिंग सुरू झालं म्हणून एकदम "तुम्ही" म्हणायला लागलात तर त्याला वाटेल काहीतरी बिनसलंय.

बैठकीनंतर

खरं काम दोन बैठकींच्या मधे होतं आणि तिथेच बहुतेकांचं ढेपाळतं. यासाठी मला टोयोटावाली पद्धत आवडते. माइक रॉदर या अमेरिकन माणसाने टोयोटातले सीनियर लोक ज्युनिअरला कसं घडवतात ते बघून २००९ मध्ये मांडलेली, पाच प्रश्न, तेच, त्याच क्रमाने. कुठे पोचायचंय? आत्ता कुठे आहेस? मधे काय आडवं येतंय आणि त्यातलं कुठलं एक आत्ता घेतोयस? पुढचं पाऊल काय, आणि त्यातून काय होईल असं वाटतं? ते केल्यावर काय शिकलो हे बघायला कधी जाऊ या? मी हे एका कार्डावर मराठीत लिहून खिशात ठेवलंय, मशीनशेजारी उभं राहून पाच-सात मिनिटांत होतं. चौथ्या प्रश्नातलं "काय होईल असं वाटतं" हे वगळू नका, अंदाज आधी बोलून ठेवला की नंतर जे झालं त्यातला फरक दिसतो, शिकणं त्या फरकात असतं.

मामांचं काय झालं? ते तयार झाले, ट्रेनी पोरांना शिकवायला लागले, फर्स्ट पीस चेक व्हायला लागला, आणि तीन आठवड्यांनी एका शनिवारी परत तेच, चेक न करता बॅच लावली. मग पुढच्या चकरेला परत पाच प्रश्न. यावेळी तो स्वतः मामांना बाजूला घेऊन बोलला, काय बोलला ते मी विचारलं नाही.

प्रगती त्याच्या भोवतालच्या माणसांना विचारा, पण थोडक्यात. मार्शल गोल्डस्मिथ या अमेरिकन कोचची फीडफॉरवर्डची कल्पना इथे बेस्ट आहे, मागे काय चुकलं ते न काढता पुढे काय करता येईल अशा दोन सूचना मागायच्या, आणि ऐकणाऱ्याने फक्त थँक्यू म्हणायचं, खुलासा द्यायचा नाही. आमचा सुपरवायझर क्वालिटीवाल्याकडे, एका ऑपरेटरकडे आणि मेन्टेनन्सच्या माणसाकडे गेला. मेन्टेनन्सवाला म्हणाला, ब्रेकडाउन सांगताना आधी मशीन नंबर सांग, मग बोंब मार. सगळ्यात उपयोगी सूचना तीच निघाली.

आणि मोजायचं काय? आरओआयचे, म्हणजे घातलेल्या पैशावर किती परतावा मिळाला याचे, मोठे आकडे छापणाऱ्यांपासून लांब राहा. मी बघतो की फोन किती येतात आणि फोनचं पहिलं वाक्य काय आहे. आधी "काय करू" होतं, मग "असं करू का" झालं, आता "असं केलंय, सांगून ठेवतोय" असतं.

बाहेरचा कोच कधी

वरच्या लोकांसाठी, प्लांट हेड, डायरेक्टर, फॅमिली बिझनेसमधली दुसरी पिढी, तिथे आतला माणूस कोच होऊ शकत नाही, कारण प्रत्येकाचं काही ना काही त्याच्यात अडकलेलं असतं. गुगलच्या एरिक श्मिटला बोर्डावरच्या जॉन डोअरने कोच घे म्हणून सांगितलं तेव्हा त्याला आधी रागच आला होता, मी सीईओ, मला कशाला कोच. मग बिल कॅम्पबेल आला, जो पूर्वी कोलंबिया युनिव्हर्सिटीच्या अमेरिकन फुटबॉल टीमचा कोच होता, आणि पुढे श्मिटच त्याचे गोडवे गात राहिला.

आपल्याकडे कोच म्हणवून घ्यायला कसलंही लायसन्स लागत नाही, व्हिजिटिंग कार्ड छापलं की झाला कोच, त्यामुळे जरा बघून. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन ही १९९५ ची संस्था आहे, तिचे तीन स्तर आहेत, एसीसीला किमान ६० तासांचं शिक्षण आणि १०० तास प्रत्यक्ष कोचिंग, पीसीसीला १२५ आणि ५००, एमसीसीला २०० आणि २५००. सर्टिफिकेट आहे म्हणजे माणूस चांगलाच असं नाही, पण विचारायला सुरुवात होते. त्यापेक्षा एक गोष्ट बघा, पहिल्या फुकटच्या भेटीत कोण जास्त बोललं? कोच बोलत असेल, स्वतःच्या क्लायंटची नावं सांगत असेल, तर चहा पिऊन उठा. नावं सांगतोय म्हणजे उद्या तुमचंपण सांगणार.

आणि थांबायचं कधी

सहा महिने, दहा-बारा बैठका, मग थांबा. नाहीतर वहीच्या आधी जशी फोनची सवय होती तशी बैठकीची लागते. शेवटच्या बैठकीत त्याला विचारायचं की आता तू कुणाबरोबर बसणार आहेस.

जमलं नाही असंपण होतं. आमचा एक सेटर होता, हातात जादू, त्याला सुपरवायझर केला, मी आठ महिने बसलो त्याच्याबरोबर. प्रत्येक वेळी गोल ठरायचा, प्रत्येक वेळी नऊ आकडा सांगायचा, आणि करायचा काहीच नाही. मला वाटायचं माझे प्रश्न कमी पडतायत. मग एक दिवस डिस्पॅचच्या मागे चालता चालता तोच थांबला आणि म्हणाला, साहेब, मला हे नकोच आहे, मला माणसं नकोत, मशीन द्या. घरी काय सांगू, गावात बॅनर लागलाय, म्हणून आठ महिने बोललो नाही.

एचआरबरोबर दोन महिने भांडून त्याला त्याच पगारात टूल रूमला घेतला, पद काहीतरी सीनियर टेक्निशियन असं घातलं. बॅनर अजून त्याच्या घराच्या माळ्यावर आहे म्हणतो, पावसाळ्यात सरपण झाकायला.